मांजराची नखे कापणे

मांजराची नखे कापणे म्हणजे पाळीव मांजराच्या नखांची अणकुचीदार टोके ठरावीक काळाने कातरून बोथट करणे होय. ही मांजराच्या संगोपनातील नित्याची बाब असून योग्य साधनाने ती घरच्या घरी करता येते. यात नखाचा केवळ निर्जीव, संवेदनाहीन भाग काढला जात असल्याने काळजीपूर्वक कापल्यास मांजराला वेदना होत नाहीत. शस्त्रक्रियेने नखे कायमची काढून टाकणे हा यापासून संपूर्णपणे वेगळा प्रकार आहे.

नखांची रचना

मांजराला सामान्यतः १८ नखे असतात. पुढच्या प्रत्येक पंजाला पाच व मागच्या प्रत्येक पंजाला चार. पुढच्या पंजाचे आतील बाजूचे पाचवे नख, म्हणजे अंगठ्याचे नख, जमिनीला टेकत नाही. काही मांजरांना जन्मतः अधिक बोटे असतात व त्यानुसार नखांची संख्याही वाढते.

नख बोटाच्या शेवटच्या हाडातून वाढते. मांजर विसावलेले असताना लवचिक अस्थिबंध हे हाड मागे ओढून धरतात आणि नख त्वचेच्या घडीत, तलवार म्यानात असावी तसे, झाकलेले राहते. झडप घालताना किंवा झाडावर चढताना पायातील स्नायू कंडरांद्वारे बोट ताणतात व नख बाहेर येते. त्यामुळे चालताना पुढच्या पायांची नखे झिजत नाहीत व त्यांची धार टिकून राहते.

नखाचे बाह्य कवच केराटिन या कठीण प्रथिनाचे असते. आत मुळाकडच्या भागात रक्तवाहिन्या व चेतातंतू असलेला कोमल गाभा असतो. नखाखालच्या अशा नाजूक भागास मराठीत ‘जिव्हाळी’ म्हणतात. फिकट नखात ती गुलाबी त्रिकोणासारखी आरपार दिसते. काळसर नखात मात्र दिसत नाही. नख कापण्याचे सारे कौशल्य जिव्हाळी टाळण्यात आहे.

नखांचे कवच थराथरांनी वाढते. मांजर झाडाचे खोड, गोणपाट किंवा सोफा ओरबाडते तेव्हा पुढच्या नखांवरील जुने थर गळून खालचे तीक्ष्ण टोक उघडे पडते. ओरबाडण्याने अंग ताणले जाते, तसेच पंजाच्या गाद्यांमधील ग्रंथींचा गंध मागे ठेवून हद्दही आखली जाते. म्हणून नखे कापली तरी ही सवय जात नाही. काथ्याची दोरी गुंडाळलेला भक्कम खांब दिल्यास सामानाची नासधूस कमी होते.

आवश्यकता

सदनिकेत राहणाऱ्या मांजरांची नखे साधारणपणे दोन ते चार आठवड्यांनी कापली जातात. वृद्ध, स्थूल किंवा सांधेदुखी असलेल्या मांजरांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. त्यांचे ओरबाडणे कमी झाल्याने नखे जाड होतात, वळतात आणि प्रसंगी पंजाच्या गादीत रुततात. न झिजणाऱ्या अंगठ्याच्या नखाच्या बाबतीत असे अधिक घडते. रुतलेले नख घरी न काढता पशुवैद्यकाकडे न्यावे.

याउलट घराबाहेर मोकळे फिरणाऱ्या मांजराची नखे शक्यतो कापत नाहीत. कुत्रा मागे लागल्यास झाडावर किंवा भिंतीवर चढून जीव वाचवण्याचे त्याचे साधन नखेच असतात. खेड्यांत व वाड्या-चाळींत अनेक मांजरे घरात जेवून बाहेर वावरतात. त्यांना हे विशेषत्वाने लागू पडते.

साधने

मांजरांसाठी मिळणारी लहान कात्रीसारखी कातरणी सर्वांत सोयीची असते. माणसांचा नेलकटरही चालतो, मात्र तो धारदार हवा. बोथट पात्याने नख दबून चिरते. याखेरीज जाड टॉवेल, आवडता खाऊ आणि रक्तस्राव थांबवण्याची पूड किंवा कॉर्नफ्लॉवर जवळ ठेवावे.

पद्धत

जेवणानंतरची, मांजर सुस्तावलेले असण्याची वेळ उत्तम. आधी काही दिवस पंजे नुसतेच हाताळून खाऊ द्यावा. पिल्लांना ही सवय लवकर लागते.

मांजराला मांडीवर, पाठ आपल्याकडे येईल असे बसवावे. एक पंजा हलकेच धरून अंगठा बोटाच्या वरच्या बाजूस व तर्जनी खालच्या गादीवर ठेवून अलगद दाबल्यास नख बाहेर येते. जिव्हाळीच्या पुढे सुमारे दोन मिलिमीटर अंतर राखून फक्त वळलेले टोक कापावे. मांजराचे नख दोन्ही बाजूंनी चपटे असते. कातरणीची पाती नखाच्या वर आणि खाली येतील अशी धरल्यास नख चिरत नाही. काळसर नखांचे केवळ अगदी टोक काढावे. अंगठ्याचे नख विसरू नये.

मांजर शेपटी आपटू लागले, कान मागे पाडले किंवा गुरगुरले तर थांबावे. एका बैठकीत दोन-तीन नखे झाली तरी पुरे. चुळबुळ्या मांजराला टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून एकेक पंजा बाहेर काढता येतो. मानगुटीला धरून उचलणे, ओरडणे वा बळजबरी करणे टाळावे. त्यामुळे पुढच्या खेपेस कातरणी दिसताच मांजर पळू लागते.

जिव्हाळी कापली गेल्यास

वेदना व रक्तस्राव होतो, परंतु तो सहसा गंभीर नसतो. स्वच्छ कापड किंवा कापूस काही मिनिटे दाबून धरावा व नखाच्या टोकाला पूड लावावी. रक्त थांबले नाही किंवा नंतर पंजा सुजला, मांजर लंगडू लागले, तर पशुवैद्यकास दाखवावे.

ओरखडे व आरोग्य

बोथट नखांमुळे ओरखडे कमी खोल जातात, पण धोका पूर्णतः टळत नाही. ‘बार्टोनेला हेन्सेली’ हा जिवाणू पिसवांमार्फत मांजरांत पसरतो. ओरखड्यातून तो माणसात शिरल्यास ताप येतो व लसिकाग्रंथी सुजतात. रेबीज मुख्यतः चाव्यातून पसरत असला तरी ओरखड्याकडेही दुर्लक्ष करू नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लसीबाबत डॉक्टरांचा सल्ला तत्काळ घ्यावा. मांजराचे नियमित रेबीज लसीकरण करावे.

नखे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया

नख हाडातूनच वाढत असल्याने ते कायमचे काढण्यासाठी प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड छाटावे लागते. माणसाच्या बाबतीत हे बोटाचे पहिले पेर तोडण्यासारखे आहे. अशा मांजरांत दीर्घकाळ वेदना, चालीतील बदल व चावण्याची वृत्ती आढळू शकते. सामानाच्या रक्षणासाठी ही शस्त्रक्रिया उत्तर अमेरिकेत दीर्घकाळ प्रचलित होती. १९८७ च्या पाळीव प्राण्यांविषयीच्या युरोपीय करारात तिला मनाई आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील वेस्ट हॉलिवूड शहराने २००३ मध्ये, तर राज्य पातळीवर प्रथम न्यूयॉर्कने २०१९ मध्ये तिच्यावर बंदी घातली. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार प्राण्याचे अंग छिन्न करणे हा गुन्हा आहे.