ए.ए.च्या मीटिंगची कुळकथा

दारू सुटावी म्हणून माणसं काय काय करतात! देवापुढे शपथ घेतात, गळ्यात माळ घालतात, गाव सोडतात. या सगळ्यांत सोडवणारा एक आणि सुटणारा दुसरा असतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या मीटिंगमध्ये मात्र खुर्च्यांवर बसलेले सगळे एकाच नावेतले. ही रीत सुरू झाली मे १९३५ मध्ये, अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात.

बिल विल्सन न्यूयॉर्कचा, शेअरबाजारातला माणूस. दारूपायी धंदा गेला, पत गेली. त्याचा पिण्यातला जुना सोबती एबी थॅचर ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती मंडळात जाऊन सावरला होता. त्याने येऊन बिलला आपली हकीकत सांगितली. डिसेंबर १९३४ मध्ये बिल टाउन्स हॉस्पिटलात पुन्हा दाखल झाला आणि त्यानंतर प्यायला नाही. बाहेर पडल्यावर तो दिसेल त्या दारुड्याला उपदेश करत सुटला. महिने गेले, एकही सुधारला नाही. त्याची बायको लोइस म्हणाली, तू तर कोरडा राहिलास ना! आणि टाउन्सचे डॉक्टर सिल्कवर्थ म्हणाले, प्रवचन बंद कर, आधी आजाराबद्दल बोल.

एका कंपनीचा ताबा मिळवण्याच्या खटपटीत तो अ‍ॅक्रनला आला. डाव फसला, खिसा रिकामा झाला. शनिवारी मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो एकटाच येरझाऱ्या घालत होता. एकीकडे बार, तिथून गप्पांचा आणि हसण्याचा आवाज. दुसरीकडे टेलिफोन आणि शहरातल्या चर्चची यादी. आपण आता बारमध्ये शिरणार, ही भीती त्याला वाटली. त्याने यादीतल्या एका पाद्र्याला फोन लावला, त्याने दिलेल्या नावांवर एकामागून एक फोन करत राहिला आणि शेवटी हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. मागणं एकच: मला एखाद्या दारुड्याशी बोलायचं आहे.

मला या साऱ्या इतिहासात हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. बिलने तो फोन दुसऱ्याचा उद्धार करायला केला नव्हता. स्वतः वाचण्यासाठी त्याला दुसरा पिणारा हवा होता.

बाईंच्या ओळखीचे होते शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ. त्या दिवशी ते घरी पिऊन पडले होते. दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी संध्याकाळी, बायकोच्या आग्रहाखातर ते बिलला भेटायला आले, तेही पंधरा मिनिटांच्या बोलीवर. उठले ते सहा तासांनी. डॉक्टर असल्याने दारूवरचं वैद्यकीय ज्ञान त्यांना नवं नव्हतं. पण स्वतः भोगलेला माणूस समोर बसून आपली कहाणी सांगतो, हे पहिल्यांदाच घडत होतं. तरीही काही दिवसांनी एका वैद्यकीय अधिवेशनाला गेले असता ते पुन्हा प्याले. १० जून १९३५ रोजी शस्त्रक्रियेआधी हात थरथरू नयेत म्हणून बिलने त्यांना बियर दिली. ती त्यांची शेवटची दारू, आणि तीच तारीख ए.ए.चा जन्मदिवस मानतात. मग दोघं मिळून इस्पितळात खाटेवर पडलेल्या एका वकिलाकडे गेले, तो तिसरा. या मंडळींना नाव मिळालं ते १९३९ मध्ये निघालेल्या त्यांच्याच पुस्तकावरून. दारूतून बाहेर पडण्याच्या बारा पायऱ्या त्याच पुस्तकात आल्या.

पिणाऱ्यांनी एकत्र येणं तसं नवं नव्हतं. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या सहा पिणाऱ्यांनी वॉशिंग्टोनियन चळवळ काढली. ती झपाट्याने फोफावली, पण राजकारण आणि दारूबंदीच्या वादांत अडकून काही वर्षांत विरली. ए.ए.ने १९५० मध्ये स्वीकारलेल्या बारा परंपरांत अशा वाटा बंद केल्या आहेत: बाहेरच्या वादात मत द्यायचं नाही, बाहेरची देणगी घ्यायची नाही, नाव मिरवायचं नाही. म्हणून आजही मीटिंगमध्ये थैली फिरते, ऐपत असेल त्याने टाकावं, नसेल त्याने पुढे सरकवावी.

भारतात ए.ए. १९५७ साली आलं. आपल्याकडे डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामुळे ‘शेअरिंग’, ‘फक्त आजचा दिवस’ हे शब्द घराघरांत गेले. मीटिंग शोधणं अवघड नाही. ए.ए.च्या हेल्पलाइनवर विचारलं, की जवळची जागा आणि वेळ सांगतात. बहुधा चर्चचा हॉल, नाहीतर शाळेचा वर्ग. ‘ओपन’ मीटिंगला कुणीही बसू शकतं, ‘क्लोज्ड’ला फक्त ज्यांना दारू सोडायची आहे ते. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव विचारत नाहीत. बोललंच पाहिजे असंही नाही. एकजण बोलत असताना मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. ज्याने त्याने आपलंच सांगायचं. एका मीटिंगमध्ये मन रमलं नाही, तर दुसरीकडे जावं, प्रत्येक ग्रुपचा रंग वेगळा असतो.

एक गोष्ट मात्र सांभाळावी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. त्यासाठी आधी डॉक्टर गाठावा. बिलही हॉस्पिटलातूनच बाहेर आला होता.

आणि घरच्यांचं काय? सुरुवातीच्या काळात नवऱ्यांसोबत आलेल्या बायका आपसांत बोलू लागल्या आणि त्यातूनच १९५१ मध्ये लोइसने पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनची जुळवाजुळव केली. त्या मीटिंगही आपल्याकडे भरतात. नवरा अजून पीत असला, ए.ए.चं नाव काढू देत नसला, तरी बायकोला, आईला तिथे जाता येतं.