एचडीआर छायाचित्रण

एचडीआर छायाचित्रण : एकाच दृश्यातील अतिप्रखर आणि अतिमंद उजेडाचे भाग तपशील न गमावता एका चित्रात आणण्याची पद्धत. ‘हाय डायनॅमिक रेंज’ या नावाचे हे लघुरूप. त्यासाठी एकाच जागेवरून कमी-अधिक एक्स्पोजरच्या (म्हणजे कमी-अधिक प्रकाश आत घेतलेल्या) अनेक फ्रेम घेतात आणि त्या संगणकावर किंवा कॅमेऱ्यातच एकत्र करतात. भडक रंगांचे चित्र म्हणजे एचडीआर, हा समज चुकीचा आहे. चांगल्या एचडीआर चित्रात पद्धत जाणवत नाही, दृश्य दिसते.

या पद्धतीची गरज जालना जिल्ह्यात कोठे पटते, तर भोकरदन तालुक्यातील अन्वा येथील यादवकालीन मंदिरात. उन्हाळ्यातील दुपारी उघड्या प्रांगणात सुमारे 1 लाख लक्स प्रकाश असतो; अशा मंदिरांच्या गाभाऱ्यात तो 10 लक्सही भरत नाही. हा फरक दहा हजार पटींचा झाला. छायाचित्रकार तो स्टॉपमध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा, त्यामुळे दहा हजार पट म्हणजे तेरा स्टॉपहून थोडे अधिक. शिवाय काळा बेसाल्ट प्रकाशाचा लहानसा अंशच परत फेकतो आणि चुन्याची भिंत बहुतेक सगळा, म्हणून आणखी तीनेक स्टॉपची भर पडते. आजचे उत्तम सेन्सर जेमतेम चौदा स्टॉप टिपतात. मोबाइलचा लहान सेन्सर एका फ्रेममध्ये त्याहून कमी टिपतो. परिणामी आकाश सांभाळले तर खांबांवरचे कोरीवकाम काळ्यात बुडते, आणि कोरीवकाम उजळले तर दाराबाहेर नुसता पांढरा चौकोन उरतो. भोकरदनची लेणी, जुने वाडे, गढ्यांचे दरवाजे येथेही हीच अडचण येते.

ही अडचण छायाचित्रणाच्या सुरुवातीपासूनची आहे. एकोणिसाव्या शतकातील काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होत्या, त्यामुळे आकाश हमखास पांढरे पडे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी 1850 नंतरच्या दशकात समुद्राची आणि आकाशाची निगेटिव्ह वेगवेगळी घेऊन एकाच कागदावर छापली. पुढे अमेरिकेत चार्ल्स वायकॉफ यांनी अणुस्फोट टिपण्यासाठी वेगवेगळ्या संवेदनक्षमतेच्या थरांची फिल्म तयार केली. संगणकीय पद्धतीचा पाया 1995 मध्ये स्टीव्ह मान व रोझलिंड पिकार्ड यांच्या आणि 1997 मध्ये पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांच्या शोधनिबंधांनी घातला. साध्या कॅमेऱ्याच्या अनेक फ्रेमवरून दृश्यातील खऱ्या प्रकाशाचे प्रमाण कसे काढायचे, हे 1997 च्या निबंधाने दाखवले. कॅमेऱ्याच्या प्रतिसादाचे गणित न मांडता थेट फ्रेमच मिसळण्याची पद्धत टॉम मर्टेन्स आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मांडली. महाराष्ट्रातही या विषयावर काम झाले. मुंबईच्या आयआयटीत षण्मुगनाथन रामन आणि सुभासिस चौधुरी यांनी 2009 मध्ये बायलॅटरल फिल्टरच्या (कडा न पुसता चित्र मऊ करणाऱ्या गाळणीच्या) आधारे फ्रेम जोडण्याची रीत प्रसिद्ध केली. तिचा भर फिकट पोत आणि कडा टिकवण्यावर होता, आणि झिजलेल्या शिल्पाला हवे असते ते नेमके हेच.

नवशिक्याने सुरुवात सभामंडपातून करावी. गाभारा पुढची पायरी. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवावा. आयएसओ 100, छिद्र एफ 8, फोकस हाताने लावून स्थिर आणि व्हाइट बॅलन्स ठरावीक ठेवावा. बदलायचा तो फक्त शटरचा वेळ. छिद्र बदलले तर फोकसची खोली बदलते आणि फ्रेम एकमेकींवर नीट बसत नाहीत. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने 1/250, 1/60, 1/15, 1/4 आणि 1 सेकंद अशा पाच फ्रेम बहुधा पुरतात. गाभाराही चित्रात असेल तर 4 सेकंदांची एक जोडावी. ऑटो ब्रॅकेटिंगची सोय असल्यास कॅमेरा हे स्वतः करतो. बटण दाबताना धक्का बसू नये म्हणून टायमर लावावा. फाइल रॉ स्वरूपातच, म्हणजे सेन्सरची मूळ नोंद राखून, घ्यावी, कारण जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पातळ्याच उरतात. खात्री हिस्टोग्रामवरून, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणाऱ्या आलेखावरून, करावी : सर्वांत गडद फ्रेमचा आलेख उजव्या कडेला आणि सर्वांत उजळ फ्रेमचा डाव्या कडेला चिकटलेला नसावा. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागू शकते. ती आधी विचारून घ्यावी.

हलणाऱ्या वस्तूंशी या पद्धतीचे जमत नाही. भाविकांची ये-जा, समईची ज्योत, उदबत्तीचा धूर, वाऱ्यावरची पिंपळपाने प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतात आणि जोडणीत त्यांची भुतासारखी छाया उमटते. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत तापलेल्या लोखंडाची लाली आणि भोवतीचा अंधार मोह घालतो, पण ठिणग्या आणि कामगार थांबत नाहीत. तेथे एकच रॉ फ्रेम बरी. मोबाइलने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. आयफोनमध्ये एचडीआरची सोय 2010 मध्ये आली. गूगलच्या एचडीआर प्लसने त्यानंतर क्षणार्धात अनेक कमी एक्स्पोजरच्या फ्रेम घेऊन त्या जुळवण्याचा मार्ग धरला. सोय मोठी आहे, मात्र कोणता भाग किती उजळायचा हा निर्णय फोन घेतो.

फ्रेमच्या जोडणीसाठी लाइटरूम आणि फोटोमॅटिक्स ही सॉफ्टवेअर वापरात आहेत. ल्युमिनन्स एचडीआर आणि ह्युजिन या सॉफ्टवेअरसोबत येणारे एन्फ्यूज विनामूल्य मिळतात. जोडलेल्या फाइलमधील प्रकाशाचा पल्ला पडद्याला पेलत नाही. तो आवाक्यात आणण्याच्या क्रियेला टोन मॅपिंग म्हणतात आणि बहुतेक चित्रे येथेच बिघडतात. सावल्या पार पुसल्या की शिल्पाची खोली जाते, कळसाभोवती पांढरट कडा येते, बेसाल्ट निळसर प्लॅस्टिकसारखा दिसू लागतो. मंदिरात अंधार असतो आणि तो चित्रातही थोडा राहिला पाहिजे. डोळ्यांना खांबावरची नक्षी वाचता आली की स्लायडर थांबवावा.

अन्व्यासारख्या वास्तूची दगडी नक्षी ऊन-पावसात झिजत असते, म्हणून अशी चित्रे पुढे नोंद म्हणून उपयोगी पडतात. ती घेणाऱ्याने मूळ रॉ फ्रेम पुसू नयेत. तारीख, वेळ आणि वास्तूचा भाग लिहून त्या अंतिम चित्रासोबत जपून ठेवाव्यात.