बसणारे चौघं, कारणं चार: दारू आणि स्वभावाचा संबंध काय?

शेंदूरजनाघाट हे वरुड तालुक्यातलं संत्र्याच्या बागांचं आणि कलमांचं गाव. समजा, बागेचा सौदा झाला, हातात पैसे आले आणि ग्रुपवर मेसेज पडला, 'बसाचं का आज?' चार दोस्त बसले. एक जण दोन पेगवर उठतो. दुसरा मैफल संपेपर्यंत हलत नाही. तिसऱ्याला पिऊन गाडी दामटायची असते. चौथा दुसऱ्या दिवशी एकटाच पुन्हा बसतो. गाव एक, वय एक, बाटलीही एकच. मग फरक कुठून येतो?

याचं एक उत्तर स्वभावात आहे. २०१५ मध्ये ७२ हजारांहून जास्त लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. बहिर्मुख आणि कमी शिस्तशीर माणसं बेताच्या पिण्यावरून जास्त पिण्याकडे वळण्याची शक्यता अधिक, असं त्यात दिसलं.

पण 'बोलका माणूस जास्त पितो' इतकं सोपं हे प्रकरण नाही. माणूस किती पितो यापेक्षा कशासाठी पितो, हे जास्त सांगून जातं.

कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया कॉनरॉड यांनी धोक्याचे चार स्वभाव मांडले आहेत: थरार शोधणारा, उतावळा, शरीरात जरा धडधडलं की घाबरणारा आणि निराशेकडे झुकणारा. पहिल्या दोघांचं पिणं सगळ्यांना दिसतं. ते गोंधळ घालतात, गाडी ठोकतात, घरचे ओरडतात.

उरलेले दोघं मात्र नजरेतून सुटतात. फळगळ झाली, भाव पडला, कर्ज आहे, लग्न जमत नाही. हे डोक्यात घेऊन बसणाऱ्याला दारू पहिल्या तासात खरंच हलकं करते. म्हणून ती त्याच्यासाठी औषध होते. सकाळी नशा उतरली की अस्वस्थता आणखी वाढते आणि संध्याकाळी पुन्हा तेच औषध लागतं. 'तो तर शांतपणे पितो, कुणाला त्रास नाही' असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं, तो बऱ्याचदा हाच असतो.

मग सगळं स्वभावावरच आहे का?

नाही. एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातले २७.३ टक्के पुरुष दारू पितात, तर बायका १.६ टक्के. बायका काही १७ पट शिस्तशीर नसतात! कुणाला 'चालतं' आणि कुणाला नाही, हे समाज ठरवतो. पोळ्याच्या करीला ग्लास नाकारणाऱ्या पोराला काय ऐकावं लागतं, हे वऱ्हाडात वेगळं सांगायला नको. शिवाय स्वभावावरचे बहुतेक अभ्यास अमेरिका-युरोपातले आहेत.

आणि स्वभाव कायमचा नसतो. अमेरिकेत १८ ते ३५ वयाच्या तरुणांवर झालेल्या २००९ च्या अभ्यासात, ज्यांचा उतावळेपणा आणि अस्वस्थता वयानुसार कमी झाली, त्यांचं त्रासदायक पिणंही कमी झालेलं आढळलं. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि इतर दारूसाठी २५ वर्षं ही कायदेशीर मर्यादा आहे. ती किती पाळली जाते, हा भाग वेगळा.

उपाय काय?

कॉनरॉड यांनी लंडनच्या शाळांमध्ये मुलांना त्यांच्या स्वभावानुसार गटात बसवून प्रत्येकी दोनच सत्रं घेतली. पुढची दोन वर्षं त्यांच्यातलं पिण्याचं प्रमाण कमी राहिलं.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. तिथे 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी जास्तीत जास्त चार भेटींचं समुपदेशन आखलं. बोलणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे लोक होते. दोस्तांना नाही कसं म्हणायचं, वाईट मनःस्थिती कशी सांभाळायची, अडचण कशी सोडवायची, हे त्यात शिकवलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी त्या गटातले ४२ टक्के पुरुष आधीचे १४ दिवस पूर्ण कोरडे होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण १८ टक्के होतं.

बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नये. हातपाय थरथरणं, झटके येणं असे धोके असतात, म्हणून आधी डॉक्टरांना भेटावं.