घरातील डायलिसिस, प्रतिपालकत्व आणि नोकरी : कुटुंबांसाठी मार्गदर्शन

आपल्या धर्मग्रामांत अशी काही कुटुंबे आहेत, ज्यांनी परक्याचे लेकरू आपल्या घरी आणून वाढविले आहे. अशा घरात पती किंवा पत्नीची मूत्रपिंडे निकामी झाली आणि उपचार घरीच सुरू झाले, तर एकाच माणसावर तीन कर्तव्ये येऊन पडतात : नोकरी, मूल आणि रुग्ण. घरभेटींच्या वेळी आम्हांला वारंवार एकच प्रश्न विचारला जातो, "फादर, आजाराचे कळविले तर मूल काढून नेतील का?" या भीतीपोटी अनेक जण गप्प राहतात. हे मौनच कुटुंबाला सर्वाधिक घातक ठरते, असे आमचे मत आहे. याच प्रश्नाच्या अनुषंगाने आवश्यक ती माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

प्रतिपालकत्व म्हणजे काय?

प्रतिपालकत्व म्हणजे दत्तकविधान नव्हे. दत्तक घेतलेले मूल कायद्याने कायमचे आपले होते. प्रतिपालकत्वात मात्र मूल ठरावीक काळासाठी आपल्या घरी राहते आणि त्याच्याविषयीचे निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ मध्ये याची तरतूद आहे. एक वर्षापर्यंतचे प्रतिपालकत्व अल्पकालीन, तर त्याहून अधिक काळाचे दीर्घकालीन मानले जाते. मुलाचे शिक्षण, आरोग्य आणि पोषण ही प्रतिपालकांची जबाबदारी असते आणि समिती वेळोवेळी घराची पाहणी करते.

केंद्र शासनाने २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येते. तसेच दत्तक देण्यास कायद्याने मोकळे असलेले मूल दत्तक घेण्यासाठी पूर्वी पाच वर्षे थांबावे लागे, तो काळ आता दोन वर्षांवर आला आहे. 'मिशन वात्सल्य' योजनेत पात्र मुलासाठी दरमहा ४,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेला २०२३ मध्ये क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. नातेवाइकांकडे वाढणाऱ्या अनेक मुलांना या योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळतात. आपल्या घरातील मूल कोणत्या योजनेत बसते, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून घ्यावे.

घरी होणारे डायलिसिस

रक्ताच्या डायलिसिससाठी रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास केंद्रावर जावे लागते. घरी केल्या जाणाऱ्या उपचारास पेरिटोनियल डायलिसिस म्हणतात. पोटाच्या आत असलेले पातळ आवरण येथे गाळणीचे काम करते. पोटात बसविलेल्या मऊ नळीतून, बहुधा दोन लिटर, औषधी द्रव आत सोडतात. काही तासांनी तो काढून टाकतात आणि नवा भरतात. या अदलाबदलीस सुमारे अर्धा तास लागतो आणि ती बहुधा दिवसातून तीन ते पाच वेळा करावी लागते. सी.ए.पी.डी. या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत अमेरिकेत पोपोविच आणि मॉनक्रिफ यांनी १९७६ मध्ये मांडली. हिला यंत्र लागत नाही, म्हणून वीज गेली तरी उपचार थांबत नाही. रात्री झोपेत यंत्राद्वारे होणारा दुसरा प्रकार आहे, पण त्याला वीज हवी.

प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला आणि २०१९ मध्ये पेरिटोनियल डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना निघाल्या. आपल्या रुग्णालयात कोणत्या योजनेचा लाभ मिळतो, याची चौकशी तेथील समाजसेवा विभागात किंवा आरोग्यमित्राकडे करावी.

या उपचारात सर्वांत मोठा धोका जंतुसंसर्गाचा असतो. अदलाबदलीपूर्वी साबणाने हात धुऊन कोरडे करणे, तोंडाला मास्क लावणे, खिडक्या-दारे बंद करणे आणि पंखा थांबविणे, ही शिस्त एकदाही मोडू नये. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला, पोट दुखू लागले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी, गढूळ द्रवाची पिशवी सोबत घेऊन, रुग्णालय गाठावे. सकाळपर्यंत वाट पाहू नये.

दिवसाची आखणी

एक उदाहरण घेऊ. पत्नी विरारहून चर्चगेटला नोकरीस जाते. अंतर सुमारे ६० किलोमीटर. पती सी.ए.पी.डी.वर आहे आणि घरात आठ वर्षांचे पाल्य मूल आहे. चार अदलाबदली असतील, तर सकाळी सहा, दुपारी बारा, सायंकाळी सहा आणि रात्री दहा अशा वेळा डॉक्टरांच्या संमतीने ठरविता येतात. सकाळची व रात्रीची अदलाबदल पत्नीच्या उपस्थितीत होईल. दुपारची व सायंकाळची पतीने स्वतः करावी. ही पद्धत मुळात रुग्णाने स्वतः करण्यासाठीच आहे आणि ज्याची प्रकृती साथ देते त्याला ते प्रशिक्षणानंतर जमते. सगळे पत्नीनेच करावे, असा आग्रह धरला तर ती थकते आणि पतीचा आत्मविश्वासही जातो. मुलाची शाळा सुटण्याची वेळ अदलाबदलीच्या वेळेशी जुळू देऊ नये. त्या अर्ध्या तासात दार उघडायला कोणी उठू शकत नाही.

दुसरी अडचण जागेची. दिवसाला चार पिशव्या म्हणजे महिन्याला १२० पिशव्या. नुसत्या द्रवाचेच वजन २४० किलो होते. हे खोके कोठे ठेवायचे, हे आधी ठरवावे. मुलाचा पलंग व अभ्यासाचा कोपरा मात्र खोक्यांनी अडवू नये. घरात पुरेशी जागा असणे ही प्रतिपालकत्वाची एक अट आहे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपली जागा गेली हे मुलाला लगेच कळते. पावसाळ्यात वसईच्या सखल भागांत पाणी तुंबते, गाड्या थांबतात. म्हणून जून महिन्यापासून किमान आठवडाभराचा जादा साठा उंचावर, कोरड्या जागी ठेवावा.

नोकरीविषयी

आजारी जोडीदाराच्या शुश्रूषेसाठी खासगी नोकरीत स्वतंत्र रजा सहसा नसते. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम ज्या आस्थापनांना लागू आहे, तेथे वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा मिळते. अर्जित रजा वेगळी. ही नैमित्तिक रजा सणासुदीला संपवून न टाकता रुग्णालयाच्या तपासण्यांसाठी राखून ठेवावी. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराच्या पती-पत्नीलाही वैद्यकीय लाभ मिळतो. नियुक्ती देणाऱ्यास परिस्थिती लेखी कळवावी आणि कामाची वेळ अर्धा-एक तास मागेपुढे करून मागावी. ठरावीक मागणी मान्य होण्याची शक्यता अधिक असते. नुसती कैफियत ऐकून साहेब हळहळतात आणि विसरून जातात.

समितीला कळवावे का?

आमचे उत्तर स्पष्ट आहे : होय, आणि लवकर. २०१६ च्या आदर्श नियमांत प्रतिपालकांचे शारीरिक व मानसिक आरोग्य चांगले असावे असे म्हटले आहे आणि घरातील सर्वांचे वैद्यकीय अहवाल मागितले जातात. त्यामुळे आजार लपविणे फार काळ शक्य नाही. लपविलेली गोष्ट पाहणीत उघड झाली, तर विश्वास जातो आणि मग आपली बाजू मांडणे कठीण होते. समिती काय निर्णय देईल, याची हमी आम्ही देऊ शकत नाही. निर्णय मुलाचे हित पाहूनच होईल आणि तसाच व्हावा. परंतु डॉक्टरांचे पत्र, दिवसाचे वेळापत्रक, उत्पन्नाचा तपशील आणि अडचणीच्या वेळी मदतीला येणाऱ्या व्यक्तीचे नाव घेऊन जाणारे कुटुंब आणि काहीच न सांगता पकडले गेलेले कुटुंब, यांत फरक आहे. रुग्णाला अचानक दाखल करावे लागल्यास मूल परस्पर दुसऱ्या नातेवाइकाकडे ठेवू नये. ती व्यवस्थाही समितीच्या संमतीने आधीच ठरवून घ्यावी.

मुलाला काय सांगावे?

जे मूल एकदा घर गमावून आले आहे, त्याच्या मनात आजार दिसताच पहिला प्रश्न उठतो : आता मला कोठे पाठवतील? तो प्रश्न ते विचारत नाही. हट्ट करते, अंथरूण ओले करते किंवा अतिशय शहाण्यासारखे वागू लागते. त्याला सोप्या शब्दांत सांगावे की बाबांचे मूत्रपिंड काम करीत नाही, हा आजार शिवण्याने लागत नाही आणि तो तुझ्यामुळे झालेला नाही. पाळता येणार नाही असे वचन मात्र देऊ नये. 'तू इथेच राहशील' यापेक्षा 'काही बदल झाला तर आम्ही तुला आधी सांगू' हे म्हणणे अधिक प्रामाणिक आहे. मुलाला पिशव्या जोडण्याच्या कामाला लावू नये. पाण्याचा तांब्या आणून देणे ठीक, पण रुग्णाची शुश्रूषा हे मुलाचे काम नव्हे.

धर्मग्रामाचे कर्तव्य

सहानुभूतीचे शब्द पुष्कळ मिळतात. उणीव भासते ती ठरावीक मदतीची. लहान ख्रिस्ती समूहाने एकत्र बसून ठरवावे : मंगळवारी मुलाला शाळेतून कोण आणील, खोके माळ्यावर कोण चढवील, रात्री रुग्णालयात जायची वेळ आली तर गाडी कोणाची. सोबतीला येणाऱ्याने रुग्णाच्या खोलीत अदलाबदलीच्या वेळी शिरू नये, सर्दी-खोकला असेल तर भेट पुढे ढकलावी. ख्रिस्तशरीर घरी आणण्याची वेळही कुटुंबाला विचारूनच ठरवावी.

एक सावधगिरी सर्वांनीच बाळगावी. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. प्रार्थनेच्या विनंतीत, पत्रकात किंवा फोटोखाली मुलाचे नाव व पूर्वकथा देऊ नये. याच कारणास्तव आम्हीही येथे कोणत्याही कुटुंबाचा उल्लेख केलेला नाही.

विवाहवेदीसमोर आजारपणातही साथ देण्याचे वचन दोघे देतात, आणि योसेफाने आपल्या रक्ताचे नसलेले बाळ वाढविले, हे आपण दरवर्षी ऐकतो. ही दोन्ही वचने एकाच घरात पाळू पाहणाऱ्यांना आमची विनंती एवढीच की, त्यांनी ओझे लपवू नये. या आठवड्यात एका कागदावर दिवसाच्या वेळा, डायलिसिस केंद्राचा दूरध्वनी आणि मदतीला येणाऱ्या दोन माणसांची नावे लिहावीत आणि तो कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा. ती दोन नावे सापडत नसतील, तर आपल्या धर्मगुरूंना सांगावे. ती शोधून देणे हे आमचे काम आहे.