एकनाथांची ज्ञानेश्वरी आणि टोरव्हाल्ड्सचं गिट

सोलापुरातून बोलतोय, विषय आहे गिट.

बीटेकच्या शेवटच्या वर्षी आमच्या चौघांचं प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर फिरायचं. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरं फायनल’ अशी फोल्डरं. सबमिशनच्या आधी एका मित्रानं चुकून जुनी फाइल नव्यावर टाकली आणि माझं तीन आठवड्यांचं काम गेलं. कुणी, कधी, काय बदललं, नोंदच नव्हती.

हे दुखणं जुनं आहे बरं का. ज्ञानेश्वरी १२९० ची. हातानं नकला होत गेल्या तसे तिच्यात पाठभेद शिरले. १५८४ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून तिची शुद्ध प्रत तयार केली. प्रती अनेकांकडे होत्या, पण बदलांचा हिशेब कुठेच नव्हता. तो त्यांना स्वतः लावावा लागला.

आता २००५ मध्ये या. लिनक्सचा गाभा जगभरातले लोक मिळून लिहितात. २००२ पासून त्यासाठी बिटकीपर हे एका कंपनीचं टूल फुकट वापरलं जाई. त्याच्या आतल्या रचनेचा शोध घेण्यावरून वाद झाला आणि ती सवलत गेली. म्हणून लिनस टोरव्हाल्ड्सनी ३ एप्रिलला स्वतःचं टूल लिहायला घेतलं. ७ एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जात होता! जुलैमध्ये त्यांनी ते ज्युनियो हमानोंकडे सोपवलं.

गंमत रचनेत आहे. प्रत्येक कमिटला ४० अक्षरी ओळख मिळते. ती आतला मजकूर आणि आधीच्या कमिटची ओळख यांवरून निघते. मागचं एक अक्षर बदललं तरी पुढच्या सगळ्या ओळखी बदलतात, म्हणजे गुपचूप फेरफार लगेच उघडा पडतो. आणि क्लोन केलं की कोडसोबत अख्खा इतिहास आपल्या मशिनवर येतो. उद्या सर्व्हर बंद पडला, कंपनीनं हात वर केले, तरी काम आपल्याजवळच.

त्या फटक्यानंतर आम्ही लॅबमध्ये गिट टाकलं. उबुंटूवर एका ओळीचं काम, ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल गिट’. नेट गेलं तरी कमिट चालायचं. डेमोच्या आदल्या दिवशी एकाचा लॅपटॉप बसला. या वेळी कुणी घाबरलं नाही, कारण पूर्ण प्रोजेक्ट, इतिहासासकट, आणखी तीन लॅपटॉपवर होतं.

भेटू पुढच्या भागात.