गाठीवरचा शिक्का आणि ताळेबंदावरची चिठ्ठी

कंपन्यांचे डिजिटल ताळेबंद तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा इतिहास हा विषय तेल्हाऱ्यात कशाला, असं काहींना वाटलं असेल. हा विषय मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर शोभावा. पण दुसऱ्यानं सांगितलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न वऱ्हाडातल्या शेतकऱ्यानं काट्यासमोर उभं राहून पिढ्यान्‌पिढ्या अनुभवला आहे. म्हणून आपण सुरुवात कापसापासूनच करू.

1853 च्या तहानं निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि लँकशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. भाव चढले, तशी भेसळही चढली. रुईत सरकी, माती, पाणी. मुंबई सरकारनं 1863 साली कापसातल्या भेसळीविरुद्ध खास कायदा केला आणि तपासनीस नेमले. 1870 साली खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. आता शेतकरी इथं, गिऱ्हाईक सातासमुद्रापार, आणि मधे अडत्या, मापारी, जिनवाला, दलाल अशी साखळी. माल विकणारा आणि घेणारा एकमेकांना कधीच भेटणार नाहीत. अशा बाजारात खोटेपणा पकडायचा कुणी?

त्यावर वऱ्हाडानं जे उत्तर काढलं, ते देशाच्या इतिहासात नोंदलं गेलंय. 1886 साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानं कारंजा इथं पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला. हे कारंजा 1998 पर्यंत आपल्याच अकोला जिल्ह्यात होतं, बरं का. पुढे 1897 साली वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजार कायदा झाला. बाजारावर समिती आली, मापारी आणि दलाल यांना परवाना लागू लागला. 1928 साली शेतीविषयक रॉयल कमिशननं देशभर असे बाजार व्हावेत असं सुचवलं, तेव्हा त्यांच्यासमोर वऱ्हाडचाच नमुना होता. आणि 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्यानं आणखी एक गोष्ट सक्तीची केली. प्रेसमधून निघणाऱ्या प्रत्येक गाठीवर त्या प्रेसची खूण आणि अनुक्रमांक हवा. गाठ कुठेही जावो, ती कुणी बांधली हे सांगता आलं पाहिजे.

ही गाठीवरची खूण लक्षात ठेवा. आता आपण कापसाकडून कंपन्यांकडे वळू, कारण तिथेही नेमका हाच पेच होता.

1857 च्या कायद्यानं हिंदुस्थानात मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या काढता येऊ लागल्या. म्हणजे काय, तर कंपनी बुडाली तरी भागधारकाचं घरदार जप्त होणार नाही, त्यानं घातलेले पैसे तेवढे जातील. सवलत मोठी होती, म्हणून बदल्यात उघडेपणा मागितला गेला. 1913 च्या कंपनी कायद्यानं लेखापरीक्षण सक्तीचं केलं आणि ताळेबंदाचा नमुना छापून दिला. 1956 च्या कायद्यात तोच नमुना सहाव्या परिशिष्टात सविस्तर आला. कंपनीनं ताळेबंद भरायचा आणि रजिस्ट्रारकडे द्यायचा. रजिस्ट्रारनं तो फायलीत लावायचा. उघडेपणा झाला, पण कागदी! शंभर कंपन्यांची तुलना करायची, तर शंभर फायली काढून आकडे हातानं उतरवायचे. 2006 साली एमसीए-21 ही संगणकीय व्यवस्था आली आणि कागदाच्या जागी पीडीएफ आली. पण पीडीएफ म्हणजे संगणकाच्या दृष्टीनं कागदाचा फोटोच. त्यातला 1,200 हा आकडा विक्रीचा की कर्जाचा, हे यंत्राला कळत नाही.

इथे गोष्ट अमेरिकेत जाते. वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा गावी चार्ल्स हॉफमन नावाचे एक हिशेबनीस होते. 1998 साली त्यांच्या डोक्यात आलं की प्रत्येक आकड्याला एक चिठ्ठी बांधली तर? हा आकडा विक्रीचा, अमुक कंपनीचा, अमुक वर्षाचा, रुपयांत की डॉलरमध्ये, सगळं चिठ्ठीवर. तिथल्या सनदी लेखापालांच्या संस्थेनं कल्पना उचलून धरली आणि 2000 साली एक्सबीआरएल, म्हणजे एक्स्टेन्सिबल बिझनेस रिपोर्टिंग लँग्वेज, या नावानं पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. कोणकोणत्या चिठ्ठ्या वापरायच्या त्या मान्य शब्दांच्या कोशाला टॅक्सॉनॉमी म्हणतात. 2009 पासून अमेरिकेच्या रोखे आयोगानं मोठ्या कंपन्यांवर हे टप्प्याटप्प्यानं सक्तीचं केलं.

आपल्याकडे कंपनी व्यवहार मंत्रालयानं 2011 साली ते आणलं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आणि त्यांच्या इथल्या उपकंपन्या, 5 कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या, किंवा 100 कोटी वा जास्त उलाढाल असलेल्या, अशांना 2010-11 चे हिशेब या पद्धतीनं द्यावे लागले. बँका, विमा कंपन्या वगैरे काही प्रकार तेव्हा वगळले होते. आणि सोबत मंत्रालयानं एक फुकट सॉफ्टवेअर दिलं, पडताळणीचं. आधी फाईल या चाळणीतून काढा, मग पुढे या. आपल्या महाराष्ट्रातही या धंद्यातली कंपनी आहे. नवी मुंबईत वाशीला आयरिस ही कंपनी चिठ्ठ्या बांधण्याचं आणि आलेल्या फायली तपासण्याचं, दोन्ही प्रकारचं सॉफ्टवेअर बनवते.

ही चाळणी करते काय, ते आता बघा. एकाखाली एक अशा तीन चाळण्या समजा.

पहिली चाळणी व्याकरणाची. फाईल नीट लिहिलीय का, चिठ्ठी कोशातलीच आहे का. दुसरी चाळणी गणिताची. मालमत्तेची बेरीज आणि देणी अधिक भांडवल यांची बेरीज जुळते का, पोटआकडे मिळून एकूण आकडा होतो का. तिसरी चाळणी व्यवहाराची. सक्तीचे रकाने भरलेत का, कंपनीचा 21 अक्षरी ओळख क्रमांक सरकारी नोंदीशी जुळतो का.

चुका कशा पकडल्या जातात? समजा, एका कंपनीची विक्री 12 कोटी, म्हणजे 1,200 लाख. ताळेबंद लाखांत छापलाय, पण फाईलमध्ये एकक रुपये ठेवून कुणी नुसतं 1,200 भरलं. झाली विक्री बाराशे रुपये! माणूस असती तर हसून दुरुस्त करेल, यंत्र ते तसंच पुढे नेईल. दुसरी नेहमीची चूक उणे चिन्हाची. खर्च हा खर्चाच्या चिठ्ठीखाली धन आकडा म्हणूनच लिहायचा असतो. छापील कागदावर तो कंसात असतो म्हणून कुणी उणे लिहिलं, की खर्चाचं उत्पन्न होतं. अमेरिकेत सुरुवातीच्या वर्षांत अशा चुकांचा एवढा खच पडला की 2015 च्या सुमारास त्या पकडणारे नियम लिहिण्यासाठी एक वेगळी समिती बसवावी लागली. तिचे नियम कुणालाही फुकट वापरता येतात.

मग एक गंमत झाली. समजा तीन खर्च आहेत, 33.4 लाख, 33.4 लाख आणि 33.2 लाख. बेरीज बरोबर 100. पण ताळेबंद पूर्ण लाखांत छापायचा म्हणून प्रत्येक आकडा 33 झाला. आता 33 तीनदा म्हणजे 99, आणि खाली एकूण लिहिलंय 100. कंपनीची काही चूक नाही, पण सॉफ्टवेअर ओरडतं, बेरीज चुकली! असे शेकडो इशारे आले की तपासणारा माणूस काय करतो? बघणंच सोडतो. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. खरी चूक त्याच गर्दीत लपून जाते. 2023 साली बेरजेचे नियम सुधारले गेले आणि पूर्णांकाच्या फरकाला जागा मिळाली. सांगायचा मुद्दा असा की जास्त ओरडणारी तपासणी ही जास्त कडक तपासणी असतेच असं नाही.

दुसरी अडचण दोन प्रतींची होती. माणसासाठी पीडीएफ आणि यंत्रासाठी वेगळी फाईल. दोन्हींत आकडे वेगळे निघाले तर खरा कोणता? म्हणून अमेरिकेनं 2018 साली इनलाइन पद्धत स्वीकारली. त्यात वाचायच्या पानावरच चिठ्ठ्या बांधलेल्या असतात. तपासणारा आकड्यावर बोट ठेवतो आणि त्याची चिठ्ठी समोर उघडते. गाठ एकीकडे आणि शिक्का दुसरीकडे, असा प्रकार उरत नाही.

आता खरा प्रश्न. ही सगळी चाळणी पार करून आलेला ताळेबंद खरा असतो का?

7 जानेवारी 2009. सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेल्या 5,361 कोटींच्या रोख आणि बँक शिलकेपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नाहीत. आपल्याकडे चिठ्ठ्यांची सक्ती त्यानंतर दोन वर्षांनी आली. पण समजा ती आधीच असती, तरी काय झालं असतं? आमच्या मते काहीच नाही. तो ताळेबंद जुळत होता. बेरजा बरोबर होत्या, रकाने भरलेले होते. तीनही चाळण्यांतून तो सुखरूप बाहेर आला असता, कारण सॉफ्टवेअर आकड्याची तुलना आकड्याशी करतं. आकड्याची तुलना बँकेतल्या पैशाशी करायला तिथे माणूस जावा लागतो. तो न जाता दाखवलेली पावती मान्य करतो, तिथे घात होतो.

कापसाच्या बाजारानं हे आधीच शिकवलं होतं. गाठीवरची खूण सांगते की गाठ कुणाची. आत सरकी आहे की दगड, हे गाठ फोडल्याशिवाय कळत नाही. पण खूण बिनकामाची आहे का? मुळीच नाही. दगड निघाल्यावर कुणाला धरायचं, हे तीच सांगते. डिजिटल चिठ्ठीचंही तसंच आहे. ती खोटं बोलणं थांबवत नाही. पण बोललेलं खोटं कुठे, केव्हा, कोणत्या रकान्यात बोललं गेलं, ते कायमचं बांधून ठेवते. आणि हजारो कंपन्या शेजारी शेजारी ठेवल्या, की एखादीच्या शिलकेचं व्याज एवढं कमी कसं, असे प्रश्न विचारता येतात. उत्तर मात्र माणसालाच शोधावं लागतं.

शेवटचा मुद्दा, आणि आम्हाला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. 1897 च्या कायद्यात एक मोठी उणीव होती. बाजार समितीवर व्यापाऱ्यांचं वजन होतं. ज्याचा कापूस मोजला जायचा, त्या शेतकऱ्याला खुर्ची नव्हती. ती 1927 च्या मुंबई कायद्यानं दिली, तीही मुंबई इलाख्यात. म्हणजे काटा सुधारला, पण काट्याकडे बघण्याचा हक्क मिळायला आणखी तीस वर्षं लागली. आज अमेरिकेत चिठ्ठ्या बांधलेला सगळा साठा कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. आपल्याकडे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर एका कंपनीचे कागद बघायला 100 रुपये फी आहे. एका कंपनीला 100 रुपये फार नाहीत. पण हजार कंपन्यांची तुलना करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यानं काय करावं? चिठ्ठ्या यंत्रानं वाचाव्यात म्हणून बांधल्या, आणि यंत्र घेऊन येणाऱ्यालाच दारात अडवलं, असं होतं.

तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? संबंध आहे. 2002 च्या दुरुस्तीनं कंपनी कायद्यात उत्पादक कंपन्या आल्या. आज गावोगाव शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, आणि आपल्यातले कित्येक त्यांचे भागधारक असतील. अशा बहुतेक कंपन्या 5 कोटी आणि 100 कोटींच्या मर्यादेखाली असल्यानं त्यांना चिठ्ठ्यांची सक्ती नाही. पण ताळेबंद दरवर्षी दाखल करावाच लागतो. म्हणजे यंत्राची चाळणी नाही, आणि भागधारक विचारत नाही. मग राहतो कोण? तेव्हा यंदाच्या वार्षिक सभेला जा. ताळेबंदाची प्रत मागा. बँकेत शिल्लक किती लिहिलीय ते बघा, आणि बँकेचा दाखला दाखवा म्हणा. काट्यासमोर उभं राहून माप बघणं आपल्याला नवीन नाही. इथे काटा कागदाचा आहे, एवढंच.