‘डायमंड कट’ चाक आणि कतारगामची सरण

मोटारीच्या चाकांच्या दुकानात ‘डायमंड कट अलॉय’ हा शब्द आता सर्रास ऐकू येतो. इतर शहरांत ऐकणाऱ्याला त्यात नुसती चमक दिसत असेल. कतारगामात राहणाऱ्याच्या कानाला मात्र तो वेगळाच लागतो, कारण इथे हिरा कापणे आणि घासणे हा घरोघरचा धंदा. चाकावर हिरे जडवलेले नसतात, हे सांगायला नको. लेथवर चाक फिरवून हिऱ्याचे टोक असलेल्या हत्याराने त्याच्या दर्शनी भागाचा पातळ पापुद्रा काढतात आणि वर पारदर्शक लॅकर मारतात, एवढाच त्याचा अर्थ. पण या दोन धंद्यांत एक खरे नाते आहे. जुनी अलॉय चाके घरी घासून नवी करायला बसणाऱ्याने ते ध्यानात ठेवावे, म्हणून हे टिपण.

आधी चाकाचा इतिहास थोडक्यात. अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात मिळू लागले ते १८८६ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी विजेने ते वेगळे करण्याची रीत स्वतंत्रपणे शोधली. मोटारीच्या चाकात या धातूला प्रतिष्ठा मिळवून दिली ती बुगाटीच्या ‘टाइप ३५’ या शर्यतीच्या गाडीने. १९२४ साली लियोंच्या ग्रां प्री शर्यतीत ती उतरली तेव्हा तिची चाके तारांच्या आऱ्यांची नव्हती. आठ चपट्या आऱ्यांचे ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे चाक आणि त्याच्याच अंगाला ब्रेकचा ड्रम, अशी ती रचना होती. पुढे शर्यतींसाठी मॅग्नेशियमची आणखी हलकी चाके आली. आपल्याकडे अजूनही अलॉयला ‘मॅगव्हील’ म्हणतात ना, ते नाव तिथून आलेले. चाक अ‍ॅल्युमिनियमचे झाले, पण जिभेवर मॅग्नेशियमच राहिले!

आपल्या रस्त्यांवर अँबेसेडर आणि कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी पोलादी चाकांवर धावल्या. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली तीही पोलादी चाकांवरच. शौकीन माणूस फार तर वर चकचकीत टोपी बसवायचा. १९९१ नंतर बाजार खुला झाला, नव्या गाड्या आल्या आणि अलॉय चाके हळूहळू सामान्य मालकाच्या आवाक्यात आली. म्हणजे आज ज्या चाकांना आपण ‘जुनी’ म्हणतो, त्यांतली बहुतेक याच काळातली. त्यांचे वय वारसा म्हणवून घेण्याइतके नाही, म्हणून त्यांची कोणी नोंद ठेवत नाही. आणि गाडी भंगारात गेली की अ‍ॅल्युमिनियमला चांगला भाव असल्यामुळे चाके लवकर भट्टीत जातात. एखादे चाक वाचते ते बहुधा एवढ्याचसाठी, की कोणीतरी ते अंगणात घेऊन घासत बसलेले असते.

आता कतारगामकडे वळू. सुरतेच्या बाहेरच्या कोटाला, म्हणजे आलमपनाहला, कतारगाम दरवाजा होता. त्याच्याजवळच्या इंग्रजांच्या कबरस्तानात जॉर्ज ऑक्झेंडनची भव्य कबर आहे. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख होता तोच हा. मरण पावला १६६९ मध्ये. त्या काळी कोटाबाहेरचे गाव असलेले कतारगाम गेल्या पन्नासेक वर्षांत सौराष्ट्रातून आलेल्या कारागिरांनी आणि हिऱ्यांच्या कारखान्यांनी भरून गेले. कारखान्यात ‘घंटी’ असते. तिच्याभोवती साधारण चार जण बसतात आणि मध्ये बिडाची आडवी तबकडी फिरत असते, मिनिटाला २५०० ते ३००० फेरे. तिला म्हणतात सरण. आपल्या मराठी माणसाला सरण म्हटले की भलतेच आठवते, पण इथे हा रोजच्या भाकरीचा शब्द आहे. सरणीवर तेलात कालवलेली हिऱ्याची पूड चोपडतात आणि हिऱ्यानेच हिरा घासतात.

कारागिराच्या डोक्यात सतत एकच हिशोब चालू असतो: चमक आणायला किती वजन द्यावे लागेल? कच्च्या हिऱ्याचे निम्म्याहून जास्त वजन घासण्यात जाणे ही नवलाची गोष्ट नाही. गेलेले वजन परत येत नाही. सरणीचेही तसेच. तिच्यावर चरे पडले की पृष्ठभाग पुन्हा सपाट करतात आणि दर वेळी ती थोडी पातळ होते. डायमंड कट चाकालाही हाच न्याय लागू आहे. पुन्हा लेथवर चढवले की थोडा धातू गेलाच, म्हणून हे काम मोजक्याच वेळा करता येते. घरी तर ते होतच नाही, कारण त्याला लेथ लागतो.

साधे रंगवलेले चाक मात्र घरी उत्तम होते. फक्त हात घालण्याआधी ते वाचायला हवे. चाक काढून उलटे ठेवा आणि आऱ्यांची मागची बाजू ओल्या फडक्याने पुसा. तिथे बऱ्याचदा ओतीव अक्षरे सापडतात. ‘५.५ जे × १४’ म्हणजे रुंदी साडेपाच इंच आणि व्यास १४ इंच. ‘ईटी’पुढचा आकडा म्हणजे गाडीला टेकणारा भाग चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर सरकलेला आहे ते. ‘जेडब्ल्यूएल’ ही जपानी मानकाची खूण. कित्येकदा घड्याळासारखे छोटे वर्तुळ असते, त्यातला बाण ओतल्याचा महिना आणि वर्ष दाखवतो. ताम्रपटावर तिथी असावी तशीच ही तिथी, नाही का? ग्राइंडर फिरवला की ती दहा सेकंदांत नाहीशी होते.

म्हणून पहिले काम फोटोचे. दुसरे काम स्टेपनी बघण्याचे. स्टेपनीही त्याच संचातली असेल तर ती ऊन आणि ब्रेकच्या धुळीपासून बरीच वाचलेली असते. मूळ रंगछटा कोणती, याचा तो घरातलाच पुरावा. शक्य असेल तर तिला हात लावू नका.

मग धुणे. चाकावरची काळपट तांबूस राख ही ब्रेक पॅडची आणि बिडाच्या डिस्कची झिजलेली पूड असते. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचे, तेव्हा कोरडा ब्रश कधीच नको, आधी भिजवा. डांबराचे ठिपके रॉकेलने जातात. रुतलेल्या लोखंडाच्या कणांसाठी ‘आयर्न रिमूव्हर’ मिळते, ते कणांना लागले की जांभळे होते.

आणि इथेच कतारगामकरांना एक खास इशारा. आपल्या भागात हिरे तीव्र आम्लांत उकळून साफ करतात, त्यामुळे ‘थोडे अ‍ॅसिड मारले की चकाचक’ हा सल्ला सहज मिळतो. हिऱ्याला ते चालते, अ‍ॅल्युमिनियमला नाही. कॉस्टिक सोडा तर त्याहून वाईट, तो अ‍ॅल्युमिनियम विरघळवतो आणि हायड्रोजन वायू सोडतो. काही व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात. कातडीवर पडले तर सुरुवातीला दुखतही नाही आणि आत शिरून घात करते. बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

धुतल्यावर तडे शोधा. तडा दिसला किंवा रिम वाकलेली असेल तर ते चाक गाडीला पुन्हा लावायचे नाही. वेल्डिंग करून तर नाहीच. ते भिंतीवर टांगा, खुशाल जपा. चाक खरोखरच मॅग्नेशियमचे असेल तर घरी घासणे पूर्ण टाळा. त्याची पूड पेट घेते आणि पाणी मारले की आग जास्तच भडकते.

लॅकरखाली किड्याच्या वाटेसारख्या पांढऱ्या रेघा दिसतात, तो अ‍ॅल्युमिनियमचा गंज. सुरतेची दमट हवा त्याला पोसते. तेवढ्या भागातले लॅकर काढा, पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर २४० पासून ४००, ६०० असा चढत्या क्रमाने वापरा आणि गंज गेला की थांबा. फुटपाथला घासून पडलेले ओरखडे धातूच्या लांबीने भरा. मग एच प्रायमर, रंग आणि लॅकर, प्रत्येकाचे पातळ थर पूर्ण वाळवून. नट बसतात त्या खाचांत आणि हबला टेकणाऱ्या भागावर रंग नको, तिथे रंग दबून नट ढिले पडू शकतात. पावडर कोटिंग करणार असाल तर तापमान विचारा. अशा चाकांना कारखान्यात शेवटचे तापवणे साधारण १५० ते १६० अंशांवर होते, तर कोटिंगच्या भट्ट्या १८० ते २०० अंशांवर चालतात. जास्त वेळ राहिले तर धातूची ताकद कमी होऊ शकते.

जुन्या दगडी कामावर चुन्याचे थर चढत गेले की कोरीव बारकावा बुजतो, याबद्दल आपण मंडळी नेहमी हळहळतो. तीच नजर अंगणातल्या चाकाला लावायला काय हरकत आहे? घंटीवरचा कारागीर दर काही क्षणांनी हिरा उचलतो, भिंगाखाली धरतो आणि मगच पुन्हा टेकवतो. पॉलिश पेपर हातात घेतलेल्याने त्याच्याकडून एवढे जरी उचलले, तरी गाडी चांगली दिसेल आणि चाकावरची तिथीही शाबूत राहील.